पंपाविना दहा दिवस

फवारेकाकांचं खरं आडनाव इमारतीच्या पत्रपेटीवर लिहिलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती. सव्वीस वर्षं पाठीवर औषधाचा पंप बांधून लोकांच्या घरातली झुरळं, ढेकूण आणि वाळवी मारणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? पेस्ट कंट्रोलच्या कंपनीतून ते निवृत्त झाले, तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं की यांनी ज्या घरात पाऊल टाकलं तिथे पुन्हा मुंगी शिरली नाही. टाळ्या पडल्या. त्यानंतर बरोबर सव्वादोन महिन्यांनी काकांच्या स्वतःच्या घरात मुंग्या निघाल्या.

एकदोन असत्या तर काकांनी चिमटीत धरून विषय संपवला असता. पण ही चांगली लांबलचक रांग होती. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीतून ओट्यावर, ओट्यावरून साखरेच्या डब्याला वळसा घालून फ्रिजच्या मागे, तिथून भिंतीने वर चढून झोपायच्या खोलीत. साखरेकडे एकीनेही ढुंकून पाहिलं नव्हतं. साखर सोडून या बया निघाल्यात तरी कुठे, हे काकांना कळेना. ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ रांगेकडे बघत उभे राहिले, आणि रांगेला त्याचं काहीच वाटलं नाही.

"तुम्ही नोकरीत होतात तोवर एक दिसली नाही," काकू म्हणाल्या. "तुमच्या कपड्यांच्या वासानेच बाहेरच्या बाहेर पळत असतील."

हे कौतुक समजायचं की टोमणा, याचा काकांनी चहा संपेपर्यंत विचार केला. बायकोच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. तेहेतीस वर्षांच्या संसारात तो चेहरा त्यांना कधी धड वाचता आला नव्हता.

एरवी हे पंधरा मिनिटांचं काम. कंपनीने पंप परत घेतला होता, पण माळ्यावर एक छोटा हातपंप होता, अर्धी बाटली औषध होतं. काका स्टुलावर चढलेसुद्धा. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

लेक म्हणजे चिमी. घरातलं नाव, पण तिला आता स्वतःची मुलगी झाली तरी काका तेच म्हणत. चिमीचं बाळ महिनाभर आधीच जन्माला आलं होतं आणि पहिले अकरा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. काका-काकू चार तासांचा प्रवास करून बघायला गेले होते. काचेतून दिसली ती एवढीशी नात, नाकात नळी, छाती भराभर खालीवर होणारी. काकांनी काचेवर बोट ठेवलं तर नर्सने ते काढायला लावलं. तेव्हापासून, आपल्याला तिला हातात घ्यायचं आहे, हा एकच विचार या माणसाच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. तो त्यांनी बायकोलाही सांगितला नव्हता, कारण असलं काही सांगायची त्यांना लाज वाटायची.

फोन स्पीकरवर होता. जावई पुढच्या रविवारी सहा आठवड्यांसाठी कामानिमित्त बाहेरगावी जाणार होता.

"सहा आठवडे आम्ही दोघी तिकडे येतो," चिमी म्हणाली. "पण डॉक्टरांनी बजावलंय, तिची छाती अजून कच्ची आहे. धूर नको, उदबत्ती नको, पावडर नको. आणि औषधाचा फवारा तर अजिबात नको. घरात औषध मारलेलं असेल तर मी नाही येणार. बाबांना सांग."

"मी इथेच आहे," काका स्टुलावरून म्हणाले.

"मग ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मुंग्या झाल्यात गं थोड्याशा," काकूंना राहवलं नाही.

"मुंग्या? अगं आई, बाळाला चावतील! घालवा त्या. दहा दिवस आहेत हातात. पण औषध मारायचं नाही. मुंग्यांचा खडूसुद्धा नाही. नाही जमलं तर सांगा, मी सासूबाईंकडे जाईन."

फोन ठेवल्यावर काका स्टुलावरच बसले. औषध न मारता मुंग्या घालवायच्या म्हणजे माणसाने नेमकं करायचं तरी काय? त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. आचाऱ्याला चूल न पेटवता जेवण कर म्हटलं तर तो जसा बघेल, तसे ते हातपंपाकडे बघत होते.

आता खरं सांगायचं तर, काकांनी सव्वीस वर्षांत लाखांनी किडे मारले असतील, पण त्यातला एकही नीट पाहिला नव्हता. त्यांची पद्धत ठरलेली. डावा हात भिंतीला, उजव्या हातात नळी, सुरुवात दारापासून, आणि घरभर गोल फिरून पुन्हा दारात. चाळीस मिनिटांत तीन खोल्या. किडा कुठून येतो, कुठे राहतो, कशाला येतो, हे विचारायचं कारणच पडत नसे, कारण सगळीकडेच मारलं की उत्तराची गरज उरत नाही. कंपनीतही त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

त्यामुळे पहिले चार दिवस नुसता गोंधळ झाला. काकांनी नेहमीप्रमाणे सुरुवातीपासून सुरुवात केली, म्हणजे खिडकीपासून. मुंग्या तिथून आत येतात, तर तिथेच त्यांना अडवायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलेलं एकेक त्यांनी खिडकीत मांडलं. व्हिनेगरने चौकट पुसली. लिंबाच्या साली ठेवल्या. मिरपूड टाकली, तर काकू दिवसभर शिंकत राहिल्या आणि मुंग्या ठणठणीत. शेवटी काकांनी फट मेणाने बुजवून टाकली. खिडकीतली रांग थांबली! काका खुशीत झोपायच्या खोलीत गेले, तर तिथे दुप्पट मुंग्या.

"बाहेरून येणं बंद केलं, तर आत वाढल्या कशा?" ते काकूंना म्हणाले.

"मला काय विचारता? त्यातले जाणकार तुम्ही."

झोपायच्या खोलीत बाळासाठी कठड्याची खाट मांडली होती. चिमी लहानपणी हिच्यातच झोपायची. काकांनी ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली होती, स्क्रू बदलले होते, वर छोटी मच्छरदाणी छताच्या हुकाला बांधली होती. आणि मुंग्या नेमक्या त्या खाटेवर. काकांनी खाटेच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. आता येऊन दाखवा, असं त्यांनी मोठ्याने म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्या मच्छरदाणीच्या दोरीवरून खाली उतरून गादीवर फिरत होत्या. काकांचं डोकं पार चक्रावून गेलं. जिच्यात ना दूध सांडलंय ना साखर, अशा रिकाम्या खाटेत यांचं काय ठेवलंय?

वरच्या मजल्यावर भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका राहायच्या. इमारतीत सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. काकूंनीच त्यांना बोलावून आणलं. बाईंनी चष्मा पुसला, एका मुंगीमागे वाकून वाकून चालत खिडकीपासून खोलीपर्यंत गेल्या, आणि परत आल्या.

"फवारे, तुम्ही ही रांग उलटी वाचताय."

"म्हणजे?"

"त्या तुमच्या घरात येत नव्हत्या. तुमच्या घरातून बाहेर जात होत्या, खायला; साखरेचा डबा तुमचा घट्ट बंद. त्यांचं घर तुमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीत आहे, त्या स्विचबोर्डाच्या मागे. एक वाट वर छतातून फुटलीय, ती मच्छरदाणीच्या हुकाशी निघते. तुम्ही खिडकी बुजवून त्यांना आत कोंडलंत. आता त्या खाटेवरून दुसरी वाट शोधतायत."

सव्वीस वर्षं काका प्रत्येक घरात दारापासून सुरुवात करत आले होते. कीड बाहेरून येते, यावर त्यांनी कधी शंकाच घेतली नव्हती. आत राहणारी कीड बाहेर जेवायला जाते, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. त्यांनी तीनदा विचारलं, आणि बाईंनी वर्गातल्या मागच्या बाकाला समजावल्यासारखं तीनदा सांगितलं.

"मारू नका," बाई शेवटी म्हणाल्या. "मारणारे तुम्ही. पण मारल्या तर समोरच्या दोनशे मरतील, आतली राणी तशीच राहील. त्यांना खाऊ घाला. साखरेचा पाक, त्यात चिमूटभर बोरिक पावडर, एका झाकणात. खोलीत नको, तिकडे स्वयंपाकघरात फ्रिजमागे ठेवा, आणि खिडकी मोकळी करा. त्या ते घरी नेतील, राणीला भरवतील. आठवडाभर झाकणाला हात लावायचा नाही. आणि एकही मुंगी मारायची नाही."

"एकही?"

"अंगावर चढली तरी फुंकर मारायची."

तो सोमवार होता. काकांनी सॉसच्या बाटलीच्या झाकणात पाक ठेवला आणि समोर मोड्यावर बसले. मंगळवारी इतक्या मुंग्या आल्या की झाकण काळं दिसू लागलं. काकांचे हात शिवशिवत होते. इतकी कीड समोर, आणि आपण नुसतं बघायचं! दर तासाने ते जाऊन बघत आणि हात पाठीमागे बांधून परत येत. पण बघता बघता त्यांना एक विचित्र गोष्ट कळली. मुंग्या वाटेत एकमेकींना भेटल्या की थांबतात, तोंडाला तोंड लावतात, आणि मग आपापल्या वाटेने जातात. एकही न थांबता जात नाही. हे काय चाललंय, काही निरोप देतात की नुसती विचारपूस करतात, काकांना सांगता येईना. त्यांना थोडं अपराधी वाटलं, मग अपराधी वाटल्याचा राग आला, आणि मग राग नेमका कुणावर काढायचा ते न कळून ते फिरायला निघून गेले.

बुधवारी रांग विरळ झाली. बाई खूश झाल्या. काकांना पहिल्यांदा वाटलं, की जमणार हे, रविवारी बाळ या खाटेत झोपणार.

गुरुवारी सकाळी ते दूध घेऊन आले, तर फ्रिज पुढे ओढलेला, फरशी चकचकीत आणि घरभर फिनेलचा वास. म्हणजे काकू तसं म्हणाल्या. काकांना स्वतःला वास येत नसे. औषधाने त्यांचं नाक बऱ्याच वर्षांपूर्वी निकामी करून टाकलं होतं.

"झाकण कुठाय?"

"ते चिकट सॉसचं? धुवून टाकलं. अहो, साखर सांडून ठेवली होती त्यात! मेल्या मुंग्या सगळ्या तिथेच जमल्या होत्या. दोन बादल्या गरम पाणी ओतलं."

काका मटकन खुर्चीत बसले. मग ते ओरडले, बरंच ओरडले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं, फडकं पिळलं आणि म्हणाल्या, "मला सांगितलंत का? बाई सांगत होत्या तेव्हा मी चहा करत होते. सव्वीस वर्षं माझ्या बाटल्यांना हात लावू नको म्हणालात, मी नाही लावला. कधी कुठल्या बाटलीत काय आहे, हेसुद्धा सांगितलं नाहीत. आता झाकणात औषध आहे हे मी काय ओळखायचं होतं? निवृत्त झाल्यापासून घरभर कपबश्या टाकता, मला वाटलं त्यातलंच एक."

खरोखरच काकांनी सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, हे आठवून पाहिलं तर त्यामागे काही कारणही सापडेना. कामाचं घरात बोलायचं नाही, एवढीच सवय.

शुक्रवारी मुंग्या तीन ठिकाणांहून निघाल्या. स्विचबोर्डातून, छताच्या हुकापासून आणि आता न्हाणीघराच्या चौकटीतून. बाई म्हणाल्या, पुन्हा पाक ठेवा, पुन्हा आठवडा. पण आठवडा होता कुठे? काकांनी चिमीला फोन लावला. एक आठवडा उशिरा ये, एवढंच सांगायचं होतं. पलीकडून तिचा दमलेला आवाज आला, मागे बाळ रडत होतं.

"बाबा, बॅगा भरल्या. काय झालं? मुंग्या गेल्या ना?"

"होत आलंय," काका म्हणाले आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

शनिवारी दुपारी काकू बाजारात गेल्या. काका झोपायच्या खोलीत उभे होते. खाटेच्या कठड्यावर अकरा मुंग्या त्यांनी मोजल्या. चिमी सासूकडे जाईल. सहा आठवडे. तिथून परत ती थेट स्वतःच्या घरी जाईल, आणि बाळ मोठं होईल, आणि आजोबा म्हणजे काचेबाहेरचा एक माणूस. काका स्टुलावर चढले, हातपंप काढला, बाटलीतलं औषध त्यात ओतलं आणि दारापासून सुरुवात केली. डावा हात भिंतीला. स्विचबोर्डाच्या मागे, छताच्या भेगेत, चौकटीत, भिंतीच्या कडेने एक सलग पट्टा. या दहा दिवसांत ही पहिलीच सात मिनिटं अशी होती, की आपण काय करतोय हे त्यांना नीट ठाऊक होतं. हात सराईतपणे चालत होता. काम झाल्यावर त्यांनी खिडक्या उघडल्या, पंप माळ्यावर ठेवला, आणि पुन्हा सगळा गोंधळ डोक्यात परत आला.

संध्याकाळपर्यंत घरात एकही मुंगी उरली नव्हती.

"माझ्या फिनेलने गेल्या," काकू विजयाने म्हणाल्या.

"वास येतोय का गं तुला कसला?"

"कसला?"

"असाच."

काकूंनी नाक वर करून हुंगलं. "फिनेलचा येतोय. बाकी आपल्या घराचा नेहमीचा."

नेहमीचा म्हणजे कुठला, हे काकांनी विचारलं नाही. त्यांनी खाटेच्या कठड्याला नाक लावून पाहिलं. लाकूड गार लागलं, इतकंच. औषध आहे की उडून गेलं, किती आहे, बाळाच्या छातीला ते कळेल की नाही, काहीच समजेना. सांगायचं कुणाला? कुणालाच कळणार नव्हतं. चिमी याच वासात वाढली होती, तिलाही कळलं नसतं. रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

रविवारी सकाळी दहाला टॅक्सी आली. काका धावत खाली गेले. इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. काकांनी दोन्ही बॅगा उचलल्या, चिमी बाळाला घेऊन पुढे. ती वाळली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली.

"दम लागला. घ्या ना हिला, बाबा."

काकांनी बॅगा खाली ठेवल्या. हात शर्टाला पुसले. चिमीने बाळ त्यांच्या हातात दिलं. अगदीच हलकं. चेहरा सुरकुतलेला, तोंड उघडं, आणि प्रत्येक श्वासाबरोबर घशातून बारीक घरघर येत होती. काकांना इतका आनंद झाला की बॅगांचं भानच राहिलं नाही. ते जिन्याच्या पायरीवर बसले. घरघर त्यांच्या छातीशी ऐकू येत होती. अजून बारा पायऱ्या, मग दार, मग ती खोली.

"चिमे," ते म्हणाले, "वर जाऊ नकोस. मी औषध मारलंय."

ती बघतच राहिली. "कधी?"

"काल दुपारी दोनला. जात नव्हत्या गं. सगळं करून पाहिलं."

त्यांना वाटलं ती ओरडेल. ती भिंतीला टेकली. चार तास टॅक्सीत बसून आलेली, दोन महिने झोप नाही, वर आई, मऊ गादी, गरम पाणी. तिला वर जायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"तुम्ही लोकांना काय सांगायचात?" तिने विचारलं. "औषध मारल्यावर किती वेळ बाहेर थांबायचं?"

"दोन तास. दोन तासांनी खुशाल आत जा, असं सांगायचो."

"मग आता वीस तास झाले." तिच्या आवाजात आशा होती. "झालं ना मग? तुम्हाला यातलं सगळं कळतं, बाबा. तुम्ही हो म्हणालात तर येते मी वर."

काकांनी तोंड उघडलं. हो म्हणायचं, एवढंच काम होतं. हजारो दारांत उभं राहून त्यांनी ते म्हटलं होतं, पंप खांद्यावर टाकता टाकता, न थांबता. मांडीवरचं बाळ घरघरत होतं.

"नको," ते म्हणाले. "टॅक्सी थांबव. सासूबाईंकडे जा."

"का पण? दोन तास म्हणजे दोन तास ना? की ते खरं नव्हतं?"

"डब्यावर लिहिलेलं असायचं गं."

"मग?"

"मला नाही माहीत. मी कधी कुणाला विचारलंच नाही." मग बाळाकडे बघत ते म्हणाले, "ती लोकांची घरं होती, चिमे."

चिमी खाली वाकली. तिने हळूच बाळाला त्यांच्या हातांतून काढून आपल्या खांद्याशी घेतलं. काकांचे हात तसेच पुढे राहिले.

"त्या घरांत बाळं नव्हती का, बाबा?"

वरून काकूंची हाक आली, अहो, कुठे राहिलात सगळे?

"होती," काका म्हणाले.